प्यादे दोन घरे गेले की ओपनिंग बुक हरवते: .बिन फाइल वाचताना काय चुकते?

तिरका_उंट
एरिना या बुद्धिबळ प्रोग्रॅमच्या .एबीके ओपनिंग बुकचे (डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या फाइलचे) पॉलिग्लॉट या साधनाच्या फॉरमॅटमध्ये .बिन केले. एक्सबोर्ड या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ते नीट चालते. माझ्या इंजिनात (चाली ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मात्र सुरुवातीच्या पटावर चाल मिळते, १. ई४ झाले की काहीच सापडत नाही, आणि एखाद्या घोड्याच्या चालीनंतर बुक परत सापडते. शिवाय किल्लेकोटाची चाल इंजिन अवैध ठरवते. फाइल बिघडली आहे की वाचन चुकते आहे? आणि सगळ्या प्रोग्रॅमना चालेल असे एकच फॉरमॅट का नाही?

अडीचघर
फाइल ठीक आहे, चूक आँ पासाँच्या (दोन घरे गेलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने वाटेत मारण्याच्या) हॅशमध्ये आहे. हॅश म्हणजे पटावरून काढलेला ओळख-आकडा, त्यालाच की म्हणतात. फेन या पट लिहिण्याच्या पद्धतीत ई४ नंतर ई३ हे घर लिहिलेले असते, म्हणून तुम्ही ई पट्टीचा आकडा कीमध्ये एक्सॉर करत (बिटांच्या क्रियेने मिसळत) असणार. पॉलिग्लॉटमध्ये तो आकडा तेव्हाच घ्यायचा, जेव्हा दोन घरे आलेल्या प्याद्याच्या अगदी शेजारी प्रतिस्पर्ध्याचे प्यादे उभे असते. मारणे खरोखर वैध आहे का, हे तपासायचे नाही; शेजारी प्यादे आहे का, एवढेच पाहायचे. पुढच्या साध्या चालीने आँ पासाँचा हक्क जातो आणि की पुन्हा जुळते.

या कीज (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातले आकडे) ताडून पाहा. सुरुवातीचा पट: ४६३बी९६१८१६९१एफसी९सी. ई४ नंतर: ८२३सी९बी५०एफडी११४१९६. ई४ डी५, ई५ एफ५ नंतर: २२ए४८बी५ए८ई४७एफएफ७८. यातल्या फक्त तिसऱ्या पटावर आँ पासाँचा आकडा लागतो, म्हणून ही चाचणी वगळू नका. की बनवायला लागणारे एकूण यादृच्छिक आकडे ७८१: मोहरे ७६८, किल्लेकोट ४, आँ पासाँ ८, पाळी १. पाळीचा आकडा पांढऱ्याची चाल असताना घ्यायचा. अनेक इंजिने आतून काळ्यासाठी घेतात.

हत्ती_एच१
किल्लेकोटाचे उत्तर: पॉलिग्लॉट तो 'राजा स्वतःच्या हत्तीवर' असा लिहितो. पांढऱ्याचा छोटा किल्लेकोट ई१जी१ नव्हे, ई१एच१, म्हणजे फाइलमध्ये चालीचा आकडा २६३. वाचताना ई१ वर राजाच आहे ना, हे आधी बघा. तिथे हत्ती असेल तर ई१एच१ ही साधी चाल आहे.

प्रत्येक नोंद १६ बाइटची: की ८, चाल २, वजन २ (चालीला किती पसंती), लर्न ४ (शिकलेल्या माहितीची जागा). सगळे बिग-एंडियन, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी. ई२ई४ चा आकडा ७९६ यायला हवा. ७१७१ आला तर बाइट उलटे वाचले जात आहेत.

तिरका_उंट
दोन्ही दुरुस्त झाले, आभार! आता दोन बुके एकत्र करायची आहेत. एकाच चालीच्या वजनांची बेरीज चालेल?

हत्ती_एच१
नाही. वजनाला अर्थ फक्त त्याच पटावरच्या इतर चालींच्या तुलनेत असतो. एका बुकात ते २ × विजय + बरोबरी असेल, दुसऱ्यात हाताने दिलेले १०० असेल. म्हणून पॉलिग्लॉटची बुके जोडणारी आज्ञा मर्ज-बुक बेरीज करतच नाही: पट दोन्हीकडे असेल तर -इन१ च्या (पहिल्या बुकाच्या) नोंदी राहतात, -इन२ च्या (दुसऱ्याच्या) गळतात. विश्वासाचे बुक पहिले द्या. मूळ पीजीएन (डावांच्या मजकूर फाइल) हाताशी असतील तर ते जोडून मेक-बुक ही बुक बनवणारी आज्ञा पुन्हा चालवणे कितीतरी चांगले. -मॅक्स-प्लाय (डावातल्या किती चालींपर्यंत) आणि -मिन-गेम (चाल किमान किती डावांत आलेली हवी) दोन्ही ठरवून द्या.

अडीचघर
एकच फॉरमॅट का नाही, याबद्दल. .एबीके हे चालींचे झाड आहे, .बिन ही पटांची क्रमवार यादी. झाडात वेगळ्या क्रमाने आलेला तोच पट दोनदा असतो, यादीत एकदाच. चेसबेस या कंपनीच्या .सीटीजी बुकची रचना तर उघड केलेलीच नाही, लोकांनी ती उलगडून काढली. .बिनमध्ये विजय-बरोबरी-पराभव वेगळे राहत नाहीत, शेरेही नाहीत. त्यामुळे .बिनवरून मूळ बुक परत मिळवता येत नाही.

माझे ठाम मत: नवे फॉरमॅट काढू नका. देवाणघेवाण पीजीएनमध्ये करा आणि .बिन त्यातून तयार होणारी फाइल माना. माहिती जोडायचीच असेल तर शून्य की असलेल्या नोंदी वापरा. क्रमामुळे त्या फाइलच्या सुरुवातीलाच बसतात, आणि बायनरी सर्चने (यादी अर्धी-अर्धी करत) खऱ्या पटाची की शोधणारे जुने प्रोग्रॅम त्यांना हातही लावत नाहीत.