जँगोत मेनी-टू-मेनी: मधलं टेबल पहिल्या दिवसापासून आपलंच हवं

निळीशाई (मूळ मुद्दा)
जँगो म्हणजे पायथॉनमधलं वेब-फ्रेमवर्क. त्यात माझ्याकडे विद्यार्थी आणि बॅच, असं साधं मेनी-टू-मेनी नातं होतं: एक विद्यार्थी अनेक बॅचेसमध्ये, एका बॅचमध्ये अनेक विद्यार्थी. एका क्लासच्या ॲपसाठी मी सरळ मेनी-टू-मेनी-फील्ड टाकलं आणि दोघांना जोडणारं मधलं टेबल जँगोनं स्वतःच बनवलं. त्यात आयडी, विद्यार्थी आणि बॅच एवढेच तीन कॉलम. चार महिन्यांनी क्लासवाल्यांनी विचारलं, मुलगा कोणत्या तारखेला बॅचला आला आणि त्याला फी-सवलत किती? हे ठेवायला जागाच नव्हती. थ्रू= (मधल्या टेबलासाठी आपण लिहिलेलं मॉडेल, म्हणजे टेबलाचा आराखडा, वापर असं सांगणं) लिहून मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल) चालवलं, तर व्हॅल्यूएरर. असलेल्या फील्डला थ्रू जोडता किंवा काढता येत नाही.
तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: नातं कितीही साधं दिसो, थ्रू मॉडेल पहिल्या दिवशीच लिहायचं.

साधाकोड
पटत नाही. लेखाला टॅग लावायचे असतील तर मधे कसली तारीख आणि कसली सवलत? प्रत्येक नात्याला मॉडेल लिहीत बसलात तर मॉडेल्सची फाइल वाचवत नाही. शिवाय थ्रू दिलं की ॲडमिनमध्ये (जँगोच्या तयार व्यवस्थापन-पानांवर) ते फील्ड थेट फॉर्मवर घेता येत नाही, इनलाइन (मधल्या ओळींचा त्याच पानावरचा छोटा फॉर्म) लिहावं लागतं. टॅगसाठी एवढा खटाटोप नको.
आणि नंतर बदलणं अशक्यही नाही. जुन्याच टेबलाचं नाव डीबी_टेबलमध्ये देऊन मॉडेल लिहायचं, सेपरेट-डेटाबेस-अँड-स्टेट वापरून बदल फक्त स्टेटमध्ये (जँगोच्या हिशोबातल्या रचनेत, डेटाबेसला हात न लावता) नोंदवायचा आणि पुढच्या मायग्रेशनमध्ये नवा कॉलम जोडायचा. डेटा जागेवरून हलत नाही.

निळीशाई
शेवटी मीही तसंच केलं. पण ते चालू सिस्टीमवर, रात्री, बॅकअप घेऊन करावं लागलं. तुमच्या टॅगचं मान्य. पण जिथे एका बाजूला माणूस आहे, तिथे ‘कधीपासून’ हा प्रश्न येतोच.

पाटीपेन्सिल
तुम्ही दोघं टेबलावर भांडताय, पण मला खरा फटका सेट()नं दिला, म्हणजे नात्याची सगळी यादी दिलेल्या यादीसारखी करणाऱ्या मेथडनं. आमच्याकडे थ्रू मॉडेल होतं, तारखेसकट. फॉर्मवर मी फक्त चालू बॅचेस दाखवल्या होत्या. कुणीतरी एका मुलीचा मोबाइल नंबर बदलून सेव्ह केलं. सेट()ला जी यादी मिळाली तीत जुन्या बॅचेस नव्हत्याच, म्हणून त्यानं त्या ओळी उडवल्या. दोन वर्षांची हजेरी त्या ओळींना फॉरेन-कीनं (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमनं) जोडलेली होती, कॅस्केडमध्ये (मूळ ओळीसोबत जोडलेल्या ओळीही उडतात त्यात) तीही गेली. एरर नाही, काही नाही. आठवड्यानं पालक दाखला मागायला आले तेव्हा कळलं.

साधाकोड
हे वाचून पोटात गोळा आला. पण मग थ्रू असूनही वाचला नाहीत ना?

पाटीपेन्सिल
नाही वाचलो, म्हणूनच मी निळीशाईच्याही एक पाऊल पुढे जातो. जँगोची २.२ आवृत्ती (२०१९) येईपर्यंत आपलं थ्रू मॉडेल असेल तर नातं जोडणाऱ्या-बदलणाऱ्या ॲड(), क्रिएट(), सेट() या मेथड चालतच नसत. मग थ्रू_डिफॉल्ट्स (मधल्या ओळीतल्या जादा कॉलमांची मूल्यं देण्याचा पर्याय) आलं आणि ते दार उघडलं. सोय झाली, पण ज्या ओळीला स्वतःचा इतिहास आहे ती आता यादीतल्या टिकमार्कसारखी पुसली जाते.
ॲड()चंही तेच. मुलगा बॅच सोडून गेला, सहा महिन्यांनी परत आला. जुनी ओळ आहे म्हणून ॲड() गप्प बसतं आणि थ्रू_डिफॉल्ट्समधली नवी तारीख कुठेच लागत नाही.
मी आता ‘नोंदणी’ हे मॉडेल लिहितो, दोन फॉरेन-की, सुरुवात, शेवट. मेनी-टू-मेनी-फील्ड ठेवलंच तर फक्त वाचायला.

साधाकोड
नोंदणीसाठी मान्य, कारण तिला व्यवहारातच नाव आहे. क्लासवाला रजिस्टरमध्ये ‘नोंदणी’ लिहितो. लेख आणि टॅगच्या मधल्या ओळीला कुणी नाव देत नाही, तिथे मी साधं फील्डच ठेवणार.

निळीशाई
नाव आहे की नाही, ही कसोटी मला चालेल. ‘प्रत्येक नात्याला’ हे माझं म्हणणं मागे घेतो. पाटीपेन्सिल, हजेरीच्या फॉरेन-कीवर आता प्रोटेक्ट (हजेरी जोडलेली असेल तर मूळ ओळ उडवूच न देणारं) लावलंत का?

पाटीपेन्सिल
त्याच रात्री लावलं.