घोरपड्यांनी की घोरपडेंनी? आणि हे आडनाव मुळात आलं कुठून?

तळटीप:
दख्खनच्या लष्करी इतिहासावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर करते आहे. त्यात गुत्तीच्या मुरारराव घोरपडे यांच्यावर अख्खं प्रकरण आहे. मी सगळीकडे 'घोरपड्यांनी', 'घोरपड्यांचा' असं लिहिलं होतं. संपादकांकडून प्रत परत आली ती प्रत्येक ठिकाणी 'घोरपडेंनी', 'घोरपडेंचा' करून. समासात शेरा असा की 'घोरपड्यांनी' वाचलं की प्राणी डोळ्यांसमोर येतो. मला हे पटत नाही. घोरपड स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन घोरपडी, म्हणजे प्राण्यांचं 'घोरपडींनी' होईल. 'घोरपड्यांनी' हे फक्त आडनावाचंच रूप असू शकतं. तुम्ही काय लिहिता?
दुसरं, बहमनी काळात हा एका माणसाला मिळालेला किताब होता असं पुस्तकात आहे. तिथे 'घोरपडे हा किताब' लिहू की 'घोरपडा'?

जुनी मोडी:
तुमचंच बरोबर. फडके-फडक्यांनी, गोखले-गोखल्यांनी, शिंदे-शिंद्यांनी. आपली एकारान्त आडनावं म्हणजे आकारान्त शब्दाचं आदरार्थी अनेकवचन. सभासद बखरीत 'तानाजी मालुसरा' आहे, मालुसरे नाही. नाशिकच्या शाळेचं नाव आजही 'भोसला' मिलिटरी स्कूल. उत्तरेत शिंद्यांचे सिंधिया झाले तेही त्या 'आ'वरूनच, असं माझं मत. मूळ 'घोरपडा' असेल तर आदरार्थी 'घोरपडे', आणि विभक्ती लागली की 'घोरपड्यांनी'. 'पेशवेंनी शनिवारवाडा बांधला' असं कोणी लिहिलं तर कानाला टोचतं की नाही? मग घोरपड्यांनीच काय पाप केलंय?

रोजचा अंक:
टोचतं, कारण पेशवे हे पद आहे, आडनाव नव्हे. मी बातम्या लिहितो. आडनाव म्हणजे माणसाची ओळख. ती आधारकार्डावर आहे तशीच छापली गेली पाहिजे. 'गोऱ्यांनी ठराव मांडला' म्हणजे गोरे आडनावाच्या माणसाने की इंग्रजांनी? 'मोऱ्यांची दुरुस्ती' म्हटलं तर नगरपालिका आठवते, जावळी नाही. मराठी परकी असलेल्या वाचकाला 'कर्व्यांनी'वरून 'कर्वे' शोधून काढता येत नाही. 'घोरपडे यांनी' लिहा, प्रश्न मिटला.

जुनी मोडी:
'यांनी' वर्तमानपत्रापुरतं ठीक. चाळीस पानांच्या प्रकरणात दर ओळीला 'घोरपडे यांनी' वाचून बघा. जावळीच्या मोऱ्यांना गेली साडेतीनशे वर्षं मोऱ्यांनाच म्हणतात, त्यात गटार कोणाला दिसलेलं नाही.

विशाळगड पायथा:
रूपांचं तुम्ही बघा. मला मूळ कथेबद्दल लिहायचं आहे, कारण ती आमच्या भागातली आहे. मुधोळच्या घराण्यात चालत आलेली हकीकत अशी: बहमनी वजीर महमूद गावानची कोकणातली मोहीम चालू होती, खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, काही केल्या पडेना. तेव्हा भोसले घराण्यातल्या कर्णसिंह आणि भीमसिंह या बापलेकांनी घोरपडीला दोर बांधून कडा चढायची वाट केली. कर्णसिंह कामी आला आणि १४७१ साली भीमसिंहाला 'राजा घोरपडे बहादर' हा किताब मिळाला. म्हणजे घोरपडे मूळचे भोसलेच.

कोरडा पुरावा:
ही हकीकत ज्यांत आहे ती मुधोळची फर्मानं, म्हणजे बादशाही हुकूमनामे, विसाव्या शतकात उजेडात आली आणि त्यांच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांनी शंका घेतलेली आहे. आणि ही घोरपड प्रत्येक गडावर कशी पोचते? सिंहगडावर १६७० साली तानाजीची यशवंती, इथे खेळण्यावर दोनशे वर्षं आधी तीच. सभासद तर तानाजीचे मावळे वानरासारखे कड्यावरून चढले असं सांगतो, घोरपडीचं नावही नाही. चार-पाच किलोचं जनावर, त्याच्या कमरेच्या दोरावर माणूस चढणार? आडनाव आधी होतं, गोष्ट नंतर रचली.

विशाळगड पायथा:
फर्मानं बाजूला ठेवा. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या इतिहासात ही कथा आहे: घोरपडे पूर्वीचे भोसले, आणि कोकणातला अजिंक्य किल्ला घोरपडीच्या दोरीने चढल्यामुळे नाव बदललं. म्हणजे विसाव्या शतकाच्या कितीतरी आधी ती घराण्यात सांगितली जात होती. आणि घोरपड तुम्ही हाताळलेली दिसत नाही. ती कपारीत शिरली की अंग फुगवून बसते. शेपूट धरून दोन माणसांनी ओढलं तरी निघत नाही. आमच्याकडे चिवट माणसाला अजून 'घोरपड आहे' म्हणतात. किताब देणाऱ्याला तेवढीच उपमा पुरेशी असेल, खरी दोरी असो वा नसो.

देवक:
किताब कशाला हवा? मोरे घ्या, देवक मोराचं पीस. साळुंख्यांचं साळुंकीचं पीस. कदमांचा कळंब. कुळाचं चिन्ह तेच कुळाचं नाव. घोरपड हेही असंच जुनं कुलचिन्ह असणार.

कोरडा पुरावा:
साळुंखे हे चालुक्यांवरून, कदम हे कदंबांवरून, मोरे हे मौर्यांवरून असंही तितक्याच ठामपणे सांगतात. पक्षी आधी की राजघराणं आधी, हे देवकावरून ठरत नाही. पुण्याजवळच्या घोरपडी गावावरून आडनाव आलं असंही मी ऐकलंय. पण तसं असतं तर 'घोरपडीकर' झालं असतं.

पंचगंगाकाठ:
तुम्ही सगळे रक्ताचंच धरून बसलात. इचलकरंजीचे घोरपडे ब्राह्मण, हे कुठे बसवणार? नारो महादेव जोशी, म्हापणचे. सेनापती संताजी घोरपड्यांनी त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्या कृतज्ञतेने त्यांनी धन्याचं आडनाव लावलं. त्यांचा मुलगा व्यंकटराव हा बाळाजी विश्वनाथांचा जावई, बाजीरावांच्या बहिणीचा, अनुबाईंचा नवरा. पेशव्यांची लेक घोरपड्यांच्या घरी नांदली ती अशी. कापशीकर नवकस, मुधोळकर सातकस, या मूळ घोरपड्यांच्या कुठल्याच शाखेशी जन्माने संबंध नसलेलं घराणं, आणि तरी पुढे संस्थान चालवलं ते याच नावाने. आडनावाचा इतिहास म्हणजे नुसती वंशावळ नव्हे, ऋणसुद्धा असतं त्यात. मला हे फार मोठं वाटतं आणि या चर्चांमध्ये ते कायम सुटतं.

संडूरहून:
खरं आहे. आणि घराणं एक म्हणून बाजू एक असंही नव्हतं. १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजांना धरणाऱ्यांत मुधोळचे बाजी घोरपडे होते. १६८९ साली संगमेश्वरी संभाजीराजांसाठी लढताना पडले ते संताजींचे वडील म्हाळोजी. आमचं संस्थानही घोरपड्यांचंच. वन्यजीवांची उत्तम छायाचित्रं काढणारे, कर्नाटकात मंत्री झालेले एम. वाय. घोरपडे इथलेच. कन्नडमध्ये 'घोरपडेयवरु' म्हणतात, नाव जसंच्या तसं राहतं आणि पुढे प्रत्यय लागतो. पण आमच्या घरी मराठीत आजी 'घोरपड्यांकडं' असंच म्हणायची.

रोजचा अंक:
कन्नडने तुमच्यासमोर उत्तर ठेवलंय की. नाव तसंच राहतं!

जुनी मोडी:
ते कन्नडचं व्याकरण. मराठीत सामान्यरूप होतं. आजींचं ऐका.

तळटीप:
संताजी, मुरारराव आणि एकूण घराण्यासाठी 'घोरपड्यांनी' ठेवते आहे, आजच्या व्यक्तींसाठी 'घोरपडे यांनी'. संपादकांना मालुसऱ्यांचं आणि पेशव्यांचं उदाहरण पाठवलं आहे. इचलकरंजीची हकीकत मूळ पुस्तकात नाही, तीही कळवते. पण किताबाचं कोणीच सांगितलं नाही. एका भीमसिंहाला मिळालेला किताब 'घोरपडे' की 'घोरपडा'?

देवक:
किताब नव्हताच, हेच तर म्हणतोय. मोऱ्यांकडे लग्नात मोरपीस पुजतात त्याबद्दल सविस्तर लिहितो आज रात्री.