दुसरी जागा फक्त मुख्य वाक्यात

स्वीडिशमध्ये क्रियापद कायम दुसऱ्या जागी, म्हणजे वाक्यातल्या पहिल्या घटकाच्या (तो एका शब्दाचा असो वा अनेक) लगेच नंतर येतं, असं म्हटलं जातं. मुख्य विधानापुरतं ते बरोबर आहे. ‘याग ड्रिक्केर इंते काफे’ म्हणजे मी कॉफी पीत नाही; यात ‘याग’ म्हणजे मी, ‘ड्रिक्केर’ हे क्रियापद आणि ‘इंते’ हा नकार. सुरुवातीला ‘ई दाग’, म्हणजे ‘आज’, आणलं की कर्ता मागे सरकतो: ‘ई दाग ड्रिक्केर याग इंते काफे’. पण खरी मजा गौण वाक्यात, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असलेल्या वाक्यात आहे. ‘ओम याग इंते ड्रिक्केर काफे’, म्हणजे ‘मी कॉफी प्यायलो नाही तर’. इथे नकार क्रियापदाच्या आधी! म्हणून क्रियापदाची मूळ जागा ‘इंते’नंतरची आणि मुख्य वाक्यात ते तिथून पुढे सरकतं, अशी मांडणी भाषाशास्त्रात करतात. मला ती फार पटते. शिकताना ‘इंते’वर नजर ठेवा, क्रियापद हललंय का ते लगेच कळतं. आणि हो, आपल्याकडच्या काश्मिरीतही क्रियापद दुसऱ्या जागी येतं!