मदत हवी आहे: रीबूटनंतर यूएसबी मोडेम सीडी ड्राइव्ह होऊनच बसतो

डेबियन 12 (लिनक्स) वर 4जी डोंगल, म्हणजे यूएसबी मोडेम आहे. काढून परत खोचला की यूएसबी मोडस्विच (डोंगलला सीडी ड्राइव्हमधून मोडेममध्ये बदलणारा प्रोग्रॅम) चालतं, मोडेमचे टीटीवाययूएसबी0 ते 2 पोर्ट दिसतात, नेट झकास. पण रीबूट केलं की एलएसयूएसबीत (यूएसबी उपकरणांच्या यादीत) जुनाच, सीडी ड्राइव्हचा प्रॉडक्ट आयडी, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) फक्त एसआर0, म्हणजे सीडी ड्राइव्ह, आणि मोडेममॅनेजरला (मोडेम शोधून जोडणाऱ्या सेवेला) काहीच सापडत नाही. तेव्हा हाताने यूएसबी मोडस्विच चालवलं तर लगेच जोडलं जातं. म्हणजे सिम, एपीएन (नेटची सेटिंग), सिग्नल ठीक.

पोर्ट बदलून पाहिला, हब मध्ये नाही, पॅकेजेस अद्ययावत आहेत. यूडेव्हचा (उपकरण जोडलं की काय चालवायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेचा) नियमही लिहिला, तोही खोचल्यावरच चालतो, बूटला ढिम्म! मशीन लांब असतं, दर वेळी डोंगल काढायला कोण जाणार?

मोडेममॅनेजरच्या आधी चालणारी सिस्टीमडी सर्व्हिस (बूटला आपोआप सुरू होणारं काम) लिहावी, की यूडेव्हच्या नियमातच काही चुकतंय?