मदत हवी आहे: एटनाच्या नॅचरल रेड वाइनला मागाहून शिळी चव
सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावरच्या एका छोट्या कौटुंबिक मळ्यातून नेरेल्लो मास्कालेझे या तिथल्या काळ्या द्राक्षाच्या वाइनच्या सहा बाटल्या आणल्या. द्राक्षांच्याच यीस्टवर आंबवलेली, न गाळलेली, वरून सल्फाइट (वाइन टिकवणारं रसायन) न घातलेली. त्यामुळे गढूळपणाची तक्रार नाही. पहिली बाटली दिवसभर उभी ठेवून उघडली. बारीक फसफस होती, ती डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओतल्यावर निघून गेली. चेरीचा वास तर सुरेख! पण घोट गिळल्यावर दहा-पंधरा सेकंदांनी शिळ्या लाह्यांसारखी चव येते, आणि तासाभरात ती वाढली. बुचाचा दोष (खराब बुचामुळे येणारा कुबट वास) नसावा, तो नाकालाच कळला असता. दुसरी बाटलीही तशीच. आम्ही उत्तर इटलीतल्या तोरिनोत राहतो, तळघर 14 अंशांवर असतं. इतक्या मेहनतीची वाइन ओतून द्यायला जीव होत नाही. हा ‘माउस’ दोष (सूक्ष्मजीवांमुळे येणारी, गिळल्यावरच जाणवणारी उंदराच्या वासासारखी चव) असेल, तर उरलेल्या चार बाटल्या वर्षभर ठेवल्यावर तो ओसरतो का, याचा कुणाला स्वतःचा अनुभव आहे का?