मशीनचं मराठी तपासायला शब्दाला पन्नास पैसे: तुम्ही घेता का असं काम?

शब्दहमाल (नाशिक):
मंडळी, सरळच विचारते. अठरा वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतेय. कादंबऱ्याबिंबऱ्या नाहीत, पोटापाण्याची: औषधचाचण्यांची संमतिपत्रं, विम्याच्या अटी, मिक्सरच्या माहितीपुस्तिका. शब्दाला दीड रुपया मिळायचा. २०१७ मध्ये गूगलने मराठीला न्यूरल (तुकडे न पाडता अख्खं वाक्य बघून करणारं) भाषांतर आणलं, तेव्हा त्यातल्या गमती एकमेकींना पाठवून आम्ही हसायचो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या दीडएक वर्षात आमचं हसू आटलं. आता एजन्सी मशीनने केलेलं मराठी पाठवते, "फक्त नजर फिरवा" म्हणते आणि शब्दाला पन्नास पैसे टेकवते.

गेल्या आठवड्यात मधुमेहाच्या औषधाचं संमतिपत्र आलं. मराठी कसं, अगदी गुळगुळीत. चार पानांत एक वेलांटी चुकलेली नाही. पाचव्यावर "अभ्यासाच्या दोन्ही हातांतील सहभागी". चाचणीतल्या गटाला इंग्रजीत 'आर्म' म्हणतात, त्याचा हा हात. असलं काही लगेच डोळ्यात खुपतं, त्याची भीती नाही. खाली मात्र मुळात होतं, "डॉक्टर सांगत नाहीत तोवर गोळी थांबवू नका." आणि मशीनने लिहिलेलं, "डॉक्टर सांगतील तोवर गोळी थांबवा." मी हे वाक्य ओलांडून पुढे गेले होते हो! चहा ठेवायला उठले आणि गॅसपाशी उभी असताना खटकलं.

पूर्वीचं वाईट भाषांतर निदान वाईट दिसायचं. आता शब्दन् शब्द मुळाशी ताडून बघावा लागतो, म्हणजे वेळ जवळपास तेवढाच आणि पैसे एक तृतीयांश. नाही म्हणावं, तर महिन्याचं गणित बसत नाही. तुम्ही काय करता?

जुळारीपुत्र (पुणे):
वडील नारायण पेठेत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं आपण सुलटी वाचतो तशी झरझर वाचायचे. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी, आली तेव्हा पन्नाशी उलटलेली, कीबोर्ड काही जमला नाही. मालक भला माणूस, त्याने मुद्रितं तपासायला बसवलं, कारण ऱ्हस्वदीर्घ अडलं की सगळा छापखाना त्यांनाच विचारायचा. पगार निम्मा झाला. "काम जात नाही, बदलतं" असं कुणी म्हणालं की मी त्याला पगाराचा आकडा विचारतो.

कोपरखळी:
३ ऑक्टोबर २०२४ ला भाषेला अभिजात दर्जा. शब्दाला पन्नास पैसे. चालू द्या.

चाकणचा फिटर:
ताई, मला भाषेतलं कळत नाही, वेल्डिंग शॉपमधलं सांगतो. रोबो बसले तेव्हा पर्मनंटमधलं कुणीच गेलं नाही. कंत्राटी पोरं गेली, म्हणजे त्यांना काढलं असंही नाही, पुढच्या महिन्यात बोलावलंच नाही. फ्रीलान्स म्हणजे कंत्राटीच की. पण दुसरी गोष्ट बघा. रोबो वेल्डिंगचा ठिपका मारतो. इलेक्ट्रोडचं टोक झिजलं असो की जिगमध्ये, म्हणजे पकडीत, पत्रा तिरका बसला असो, पठ्ठ्या मारतच राहतो. त्याच्यावर लक्ष ठेवायला मी. मला शिफ्टचा पगार मिळतो, ठिपक्यामागे किती असा नाही. तुम्ही अजून ठिपके का मोजताय?

एजन्सीवाला:
मी पलीकडच्या बाजूला बसतो, शिव्या द्या हवं तर. दर गिऱ्हाईक पाडतं, आम्ही तो खाली ढकलतो. संमतिपत्राचं मराठी परत इंग्रजीत करून तपासायची पद्धत आहे, पण हल्ली ते उलट भाषांतरही बऱ्याचदा मशीनच करतं. म्हणजे पेपर सोडवणारा आणि तपासणारा एकच. मात्र या कागदावर नीतिसमितीची, म्हणजे चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीची, मोहोर लागते आणि माहिती सहभागीला कळेल अशा भाषेत असावी लागते. त्या जोरावर वेगळा दर मागा, मिळतो. मिक्सरच्या पुस्तिकेला मागू नका, मिळणार नाही.

शब्दहमाल (नाशिक):
फिटरदादा, तुमचं ऐकलं. तासाला चारशे सांगितले आणि संमतिपत्राला तीन तास लावले. लगेच फोन: "मॅडम, तीन तास कसे? मजकूर तर तयार होता." 'तोवर'चं वाक्य मशीनचं आणि माझं, एकाखाली एक पाठवलं. दुपारपर्यंत चिडीचूप. मग "ठीक आहे, संमतिपत्रांपुरतं."

मिक्सरची पुस्तिका यंदा माझ्याकडे आलीच नाही. त्यांच्या साइटवर मराठी पीडीएफ पडलीय, ती काल चष्मा लावून, चुका शोधायच्याच म्हणून वाचली. सोळा पानं. एका ठिकाणी 'झाकण'ऐवजी 'आवरण' आहे, बास. बाकी सगळं बरोबर.