मदत हवी आहे: पनीर चालतं, मुरलेलं चीज नाही

आयबीएसमुळे (आतड्यांचा जुनाट त्रास) दीड महिना लो-फॉडमॅप आहारावर आहे, म्हणजे नीट न पचता गॅस करणारी काही कर्बोदकं कमी केली आहेत. डाएटिशियन म्हणाल्या, चेडर, गौडासारख्या मुरलेल्या चीजमध्ये लॅक्टोज (दुधातली साखर) नसल्यातच जमा, बिनधास्त खा. नेमकं तेच बाधतंय! काडेपेटीएवढा तुकडा खाल्ला की अर्ध्या तासात कान लालबुंद, मग डोकं ठणकतं. पोट मात्र शांत. घरचं ताजं पनीर दोन-तीन चमचे चालतं. लॅक्टोज पचवणारी लॅक्टेजची गोळी घेऊन पाहिली, फरक शून्य. केशरी रंगाचा संशय होता, म्हणून पांढरं चेडरही आणलं, तेच. धाप, सूज नाही. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. शाकाहारी आहे, अंडंही नाही, डाळी तूर्त जवळपास बंद. चीज मुरताना हिस्टामिन (ॲलर्जीसारखी लक्षणं आणू शकणारं रसायन) वाढतं, त्याचाच हा त्रास असेल का? ज्यांना असं झालंय त्यांना कोणतं चीज चाललं, आणि दोन प्रयोगांत किती दिवस सोडले?